हिरवा दिवा लागला म्हणून

गेल्या मे महिन्यात कुंभकोणमला एका जुन्या घराच्या तिण्णैवर, म्हणजे आपल्या ओटीवर, मी संध्याकाळचा तासभर मल्टिमीटर घेऊन बसलो होतो. घर माझ्या आत्याच्या सासरचं. भोसल्यांच्या राज्याबरोबर तंजावर मुलखात गेलेल्या आणि मग तिथल्याच झालेल्या मराठी कुटुंबांपैकी एक. (इंदूर-बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव याच गावात जन्मले, हे पहिल्या कॉफीबरोबरच ऐकवलं जातं.) आतेभावाने नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती. भिंतीवर ७.२ किलोवॅटचा चार्जर, दिवा हिरवा, गाडी रोज भरते. तक्रार एकच: अनवाणी पायाने गाडीच्या दाराला हात लावला की मुंग्या येतात.

गाडीची बॉडी आणि जमीन यांच्यामध्ये २२ व्होल्ट निघाले. आयसोलेटरचं झाकण उघडलं तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये हिरव्या वायरचा बोटभर तुकडा, नीट पिळून, स्क्रूखाली दाबलेला. अशा लिंकने घरातली आरसीसीबी ट्रिप व्हायला हवी होती. ती का होत नाही म्हणून मेन बोर्ड उघडला, तर तीही बायपास. दोन पापं एकमेकांना झाकून गुण्यागोविंदाने नांदत होती.

हे का होतं, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. अर्थ मिळत नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवतो आणि काँटॅक्टर ओढत नाही. फिटरला त्या दिवशी आणखी दोन घरं उरकायची असतात, ग्राहक शेजारी उभा असतो, आणि न्यूट्रलचा लूप दिला की दिवा हिरवा होतो. पण उद्या सर्व्हिस वायरचा न्यूट्रल कुठे तुटला, तर गाडीचा अख्खा पत्रा फेजवर येईल. तिथे पहाटे घरातली बाई उंबऱ्यापुढे सडा घालून कोलम, म्हणजे रांगोळी, काढते. ओली जमीन, अनवाणी पाय आणि हाताच्या अंतरावर गाडी.

भिंतीवरच्या खोक्याला आपण चार्जर म्हणतो, पण एसी चार्जिंगमध्ये खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. खोक्याचं काम म्हणजे तपासून काँटॅक्टर ओढणं आणि ‘किती अँपिअर घेऊ शकतोस’ ते गाडीला सांगणं. पायलट वायरवर एक किलोहर्ट्झचा सिग्नल असतो. त्याची ड्यूटी ५३ टक्क्यांच्या आसपास असेल तर ३२ अँपिअर, २७च्या आसपास असेल तर १६. गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल तर भिंतीवर ७.२चं खोकं लावून वेळ एक मिनिटानेही कमी होत नाही. तरी ग्राहक आधी खोकं घेतो, मग ते टांगायला आपल्याला बोलावतो, आणि आपण टांगतो.

कुंभकोणमच्या त्या घरात जुन्या अर्थपाइपचा रेझिस्टन्स ३८ ओम आला. कावेरीच्या त्रिभुजातली चिकणमाती पाण्यात लोण्यासारखी असते, पण मेट्टूर धरणाचं पाणी येण्याआधीच्या उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पाइपापासून सुटते. सोलापूर-लातूरच्या काळ्या जमिनीत काम करणाऱ्यांना हे पाठ आहे. म्हणून अर्थिंगचं रीडिंग पावसाळ्यात घेऊन खूश होऊ नये, एप्रिल-मेमध्ये घ्यावं.

आता हिशेब करा. ३८ ओमवर फॉल्ट करंट सहा अँपिअर. ४० अँपिअरच्या सी कर्व्ह एमसीबीला झटक्यात उडायला किमान २०० लागतात, म्हणजे तिला पत्ताही लागणार नाही. आम्ही परसात विहिरीजवळ दोन नवे पाइप ठोकले, घराच्या लांबोड्या अंगातून वायर पुढे आणली, रीडिंग चारवर आलं. चार म्हटलं की आपण मान डोलावतो. पण तिथेही फॉल्ट करंट ५७ अँपिअरच. थोडक्यात, स्वतःच्या खड्ड्यावरच्या अर्थिंगमध्ये माणूस वाचवते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, एमसीबी नव्हे. आणि ती आरसीसीबी एसी टाइपची चालत नाही. गाडीतल्या रेक्टिफायरमुळे सपाट डीसी गळती येऊ शकते, तिने एसी टाइपचा कोअर बधिर होतो. चार्जरमध्ये सहा मिलिअँपिअर डीसीचं डिटेक्शन असेल तर ए टाइप, नसेल तर बी. बी महाग आहे, हे मान्य.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत २०१९च्या दुरुस्तीने चार्जिंग स्टेशनची कलमं आली. किमान ए टाइप, न्यूट्रलसकट सगळे लाइव्ह तोडणारी, सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर वर, एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही. घरच्या कामालाही माझा मापदंड तोच. (तिण्णै रस्त्यापासून अडीच फूट उंच. ८०० मिलिमीटर कुठून मोजायचे यावर आमचा अर्धा तास गेला. गाडी जिथे उभी, तिथून मोजले.)

राहिला आकाराचा प्रश्न. आतेभावाची रोजची फेरी कुंभकोणम-तंजावर, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. युनिटला सात किलोमीटर धरले आणि चार्जिंगमधला तोटा मिळवला, तर तेरा युनिट. १६ अँपिअरवर साडेतीन तासांचं काम. मग ३२ अँपिअर कशासाठी? तेवढ्यासाठी सहा स्क्वेअरची कॉपर लागते, आणि वायर चाळीस मीटर गेली तर आठ व्होल्ट वाटेतच पडतात. मी चार्जर १६वर सेट केला. पंधराच्या साध्या सॉकेटवरही भागलं असतं, पण रोज तीन-चार तास पूर्ण लोड सोसणारं सॉकेट वेगळं. स्क्रू जरा सैल झाला की पिनेभोवती चहाच्या डागासारखी कडा दिसू लागते. तपकिरी रंग दिसला की सॉकेट बदला, स्क्रू आवळून परत लावू नका.

बिलाचं गणितही आपणच सांगायला हवं. तमिळनाडूत घरगुती बिल दोन महिन्यांचं, पहिली १०० युनिट मोफत, आणि ५०० ओलांडली की खालच्या टप्प्यांचाही दर बदलतो. सुट्ट्या वगळल्या तरी ही एकटी गाडी दोन महिन्यांत साडेसहाशे युनिट खाते. फेब्रुवारी २०२४च्या ग्राहक हक्क नियमांच्या दुरुस्तीनुसार गाडीसाठी स्वतंत्र कनेक्शन मागता येतं. महाराष्ट्रातही. ते परवडेल की नाही, हे दोन्ही दर समोर ठेवून कोटेशनच्या आधी सांगावं.

२०२८ला कुंभकोणमला महामहम हा स्नानाचा मेळा आहे. बारा वर्षांनी येणारी ती गर्दी या खेपेला इलेक्ट्रिक गाड्याही घेऊन येईल, आणि प्रत्येक लॉजवाल्याला महिनाभर आधी चार्जर आठवेल. नाशिक-पंढरपूरच्या कंत्राटदारांना ही घाई चांगली ठाऊक आहे.

निघताना आतेभाऊ म्हणाला, “दादा, बिल कर.” तो घरचा असला तरी मी केलं. दोन पाइप, वायर, ए टाइप आरसीसीबी, आणि पहिल्याच ओळीत ‘तपासणी’, वेगळ्या रकमेने. मग त्याने चार्जिंगचा टायमर पहाटे चारपर्यंत लावला, कारण कोलम काढायच्या वेळी उंबऱ्यावर केबल नको, असं आत्याने बजावलं होतं.