रोहित पक्षी आणि नावाड्याची भाकरी

भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. बारामतीशेजारच्या इंदापूर तालुक्यातील गावेच्या गावे जलाशयाखाली गेली. त्याच जलाशयाच्या उथळ काठावर, भिगवण-कुंभारगावपाशी, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. चोच उलटी धरून चिखलपाणी गाळावे, तेव्हा त्यांचे पोट भरते. नाव अंगावर येताच खाणे टाकून थवा उडतो. शहरी पाहुण्याला छायाचित्रासाठी नेमके तेच उड्डाण हवे असते आणि फेरीवर पोट असलेल्या नावाड्याला नकार परवडत नाही. दोष एकट्या नावाड्याच्या माथी मारणे हा अन्याय होय. नावाड्यांनी सहकारी संस्था उभारून समान भाडे, फेऱ्यांची पाळी व पक्ष्यांपासूनचे अंतर स्वतःच ठरवावे. कार्यकर्त्यांनी त्यांना साथ द्यावी. आपसातील चढाओढ थांबली, तरच पक्षी निवांत चरेल आणि नावाड्याची भाकरीही टिकेल.