एक दिवस खाडा झाला तर?

"गेल्या दोन वर्षांत व्यायामाला एकही दिवस खाडा नाही!" असं कोणी सांगितलं, की आपण लगेच कौतुक करतो. मला मात्र अशा वेळी आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो. समजा एक दिवस खाडा झालाच, तर तुम्हाला काय होतं?

"काही नाही, थोडी चुकचुक लागते, उद्या पुन्हा सुरू," असं उत्तर आलं तर उत्तम. पण "दिवसभर चिडचिड होते, अपराधी वाटतं, रात्रीचं जेवण टाकतो आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट करतो," असं उत्तर आलं, तर थांबून विचार करायला हवा.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. आपल्यापैकी बहुतेकांचा त्रास जास्त व्यायामाचा नाही, कमी व्यायामाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यानुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटं मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. तेव्हा हा लेख वाचून उद्याचं फिरणं रद्द करू नका!

व्यायामाचंही व्यसन?

अमेरिकेतील संशोधक फ्रेडरिक बेकलँड यांना व्यायाम बंद केल्यावर झोपेवर काय परिणाम होतो, ते पाहायचं होतं. त्यासाठी महिनाभर व्यायाम थांबवणारी माणसं हवी होती. रोज व्यायाम करणारे लोक पैसे देऊ केले तरी तयार होईनात. शेवटी आठवड्यातून तीन-चार दिवस व्यायाम करणाऱ्यांवर भागवावं लागलं, आणि त्यांचीही त्या महिन्यात झोप बिघडली, बेचैनी वाढली. हा अभ्यास १९७० सालचा आहे. म्हणजे हा विषय जिम आणि मोबाइल ॲपच्या आधीपासूनचा आहे.

मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत आजही 'व्यायामाचं व्यसन' हा स्वतंत्र आजार नाही, कारण पुरेसा पुरावा जमलेला नाही, असं तज्ज्ञ मानतात. पण लक्षणं मात्र व्यसनासारखीच दिसतात. तेवढंच समाधान मिळायला व्यायाम वाढवत न्यावा लागतो. तो चुकला की बेचैनी, उदासी येते. घर, नोकरी, मित्र मागे पडतात. कमी करायचं ठरवूनही जमत नाही. दुखापत झाली तरी थांबता येत नाही.

इथे तासांचा हिशेब फसवा आहे. एखादी खेळाडू रोज चार तास सराव करते, पण प्रशिक्षकाने सांगितलेल्या दिवशी निवांत विश्रांती घेते. तिला व्यसन नाही. रोज तासभरच पळणारा माणूस अंगात ताप असताना, पायाच्या हाडाला बारीक तडा गेलेला असताना पळायला जातो. काळजी त्याची वाटते.

व्यायामाच्या आड काय दडलेलं असतं?

पुष्कळदा अतिव्यायाम हे वरचं लक्षण असतं आणि खरा त्रास त्याखाली असतो.

पहिला, खाण्याशी बिघडलेलं नातं. लग्नात दोन जिलब्या खाल्ल्या म्हणून रात्री अकराला दहा किलोमीटर चालणं, ही खाल्ल्याची 'शिक्षा' असते. बुलिमिया या आजारात खाल्लेलं उलटून टाकण्याइतकाच अतिव्यायामही महत्त्वाचा मानला जातो. मुलींमध्ये याबरोबर पाळी थांबली, तर हाडं ठिसूळ होऊ लागतात. "वजन कमी झालं म्हणून पाळी गेली असेल," असं म्हणून सोडून देऊ नका.

दुसरा, स्वतःच्या शरीराबद्दलचा भ्रम. पिळदार शरीर असलेल्या तरुणाला आरशात आपण किडकिडीतच दिसतो. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याला 'मसल डिसमॉर्फिया' हे नाव दिलं. यातली काही मुलं पुढे स्टेरॉइडच्या वाटेला जातात.

तिसरा, चिंता आणि नैराश्य. व्यायामाने मन हलकं होतं, हे खरं आहे. सौम्य नैराश्यात आम्ही डॉक्टर स्वतःच तो सुचवतो. पण दुःख, घरातला ताण, अपयश या सगळ्यावर व्यायाम हेच एकमेव औषध झालं, की त्याची मात्रा वाढत जाते. मग एक दिवस पायाला प्लॅस्टर बसतं आणि दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर येतं. अशा सक्तीच्या विश्रांतीत मनात आत्महत्येचे विचार आले, तर त्याच दिवशी मदत घ्या.

कौतुक जरा जपून करा

दारू पिणाऱ्याला घरचे निदान थांब तरी म्हणतात. इथे मात्र सुजलेला गुडघा घेऊन पळणाऱ्याला "काय जिद्द आहे!" म्हणून ग्रुपवर अंगठे मिळतात. माझ्या मते आपली ही वाहवाच आजार लांबवते. जिमच्या प्रशिक्षकांनाही माझी विनंती आहे. दुखापत असताना दिवसातून दोनदा येणाऱ्याची पाठ थोपटू नका, त्याला घरी पाठवा.

घरच्यांनी बूट लपवणं, टोमणे मारणं टाळावं. "इतकं दुखतंय तरी जावंसं का वाटतं?" असं शांतपणे विचारावं आणि उत्तर ऐकून घ्यावं.

उपचार म्हणजे व्यायाम कायमचा बंद नव्हे

दारूसारखी इथे कायमची बंदी घालायची नसते. व्यायाम पुन्हा प्रमाणात आणायचा असतो आणि त्यामागच्या आजारावर उपचार करायचे असतात. विचार आणि वागणूक बदलायला मदत करणाऱ्या समुपदेशनाचा यात उपयोग होतो. गरज पडली तर औषधं आणि आहारतज्ज्ञांची मदतही घ्यावी लागते. आधी आपल्या फॅमिली डॉक्टरांशी बोला. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. आणि जबर व्यायामानंतर लघवी कोकसारखी गडद झाली, छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडलात, तर थेट रुग्णालय गाठा.

आता एक छोटी परीक्षा. या आठवड्यात एक दिवस ठरवून सुट्टी घ्या. त्या दिवशी जेवण नेहमीसारखंच जेवा आणि दुसऱ्या दिवशी भरपाई करू नका. सहज जमलं तर आनंदाने व्यायाम सुरू ठेवा. नाही जमलं, तर घरातल्या एका माणसाला ते सांगा आणि डॉक्टरांची वेळ घ्या.