विश्लेषण : टेस्टोस्टेरॉनचे उपचार दीर्घकाळ घेणे किती सुरक्षित?

पुण्यात महात्मा फुले मंडईच्या आजूबाजूच्या पेठांमध्ये तालमींची परंपरा जुनी आहे. शुक्रवार पेठेतील चिंचेची तालीम त्यातलीच. तालमीतला खुराक दूध, तूप, बदामाचा. आता या पेठांत जिमही आहेत आणि थकवा, घटलेली कामेच्छा, न वाढणारे स्नायू अशा सगळ्या तक्रारींवर मोबाइलवर एकच उत्तर मिळते : टेस्टोस्टेरॉन कमी आहे, बाहेरून घ्या. हृदयाला धोका नसल्याचे सिद्ध झाले आहे, असेही त्यासोबत सांगितले जाते. ते पूर्ण खोटे नाही, पण अर्धेच आहे.

कमतरता कधी म्हणायची?

अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यासाठी ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही मर्यादा धरली आहे. तपासणी सकाळी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी व्हावी लागते, कारण हे संप्रेरक सकाळी सर्वाधिक असते. सोबत लक्षणेही हवीत. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर दिलेल्या एका नमुन्यावरून निदान होत नाही. लठ्ठपणा आणि मधुमेहातही पातळी खाली येते. वजन घटवल्यावर ती अनेकदा आपोआप वाढते.

हृदयाचे काय?

हृदयविकार आणि पक्षाघाताच्या शक्यतेबाबत अमेरिकेच्या एफडीएने २०१५ मध्ये या औषधांच्या माहितीपत्रकात इशारा घालायला लावला आणि कंपन्यांना मोठी चाचणी करण्यास सांगितले. ‘ट्रॅव्हर्स’ नावाच्या त्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका जास्त असलेले, ४५ ते ८० वयाचे सुमारे ५,२०० पुरुष त्यात होते. निम्म्यांना टेस्टोस्टेरॉनचे जेल दिले, निम्म्यांना औषध नसलेले जेल. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण अनुक्रमे ७ आणि ७.३ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच निघाले. त्याआधारे फेब्रुवारी २०२५ मध्ये एफडीएने हृदयाबाबतचा तो इशारा बदलला. रक्तदाब वाढण्याचा इशारा मात्र ठेवला.

जाहिरातींतील दावा इथेच थांबतो. त्याच चाचणीत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ३.५, तर इतरांत २.४ टक्के होते. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे ०.९ विरुद्ध ०.५. मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचे प्रमाणही जास्त होते. हाडे बळकट होतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात फ्रॅक्चर जास्त झाले. प्रोस्टेटच्या कर्करोगात लक्षणीय फरक दिसला नाही, पण पीएसए ३ पेक्षा जास्त असलेल्यांना चाचणीत घेतलेच नव्हते.

आणि कालावधी? पाठपुरावा सरासरी ३३ महिन्यांचा, प्रत्यक्ष औषध सरासरी २२ महिन्यांच्या आसपास. ६० टक्क्यांहून अधिक जणांनी ते मध्येच सोडले. पस्तिशीत सुरू करून वीस वर्षे घेणाऱ्याचे काय होईल, याचे उत्तर या चाचणीत नाही.

मूल हवे असेल तर?

तरुणांसाठी सर्वांत मोठा धोका हाच आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की मेंदूतील पियूषिका ग्रंथी वृषणांना संदेश पाठवणे जवळपास थांबवते. रक्तातली पातळी उत्तम दिसते, पण वृषणांतील निर्मिती बंद पडते आणि शुक्राणू घटत शून्यावरही येतात. पुरुषांचे गर्भनिरोधक म्हणून याच संप्रेरकाचे प्रयोग झाले आहेत, हे ‘पौरुष वाढवा’च्या जाहिरातींत कुठेच नसते! त्या प्रयोगांतील निरोगी पुरुषांमध्ये औषध थांबवल्यावर सहा महिन्यांत दोनतृतीयांश, तर वर्षात ९० टक्के जणांची शुक्राणूसंख्या सावरली. जिममध्ये मोठ्या मात्रेत, वर्षानुवर्षे स्टेरॉइड घेणाऱ्यांना याहून जास्त काळ लागू शकतो. मधल्या काळात थकवा आणि नैराश्य येते, म्हणून पुन्हा इंजेक्शन घेतले जाते.

देखरेख कोणती हवी?

टेस्टोस्टेरॉनमुळे लाल रक्तपेशी वाढून रक्त घट्ट होते. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेले तर औषध थांबवावे किंवा मात्रा कमी करावी लागते. त्यासाठी सुरुवातीला, तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी रक्त तपासतात; वयानुसार पीएसएही. भारतात ही औषधे ‘शेड्यूल एच’मध्ये आहेत, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही पुण्यात मेफेंटरमिन या दुसऱ्याच औषधाची इंजेक्शने जिममधील तरुणांना बेकायदा विकणाऱ्यांवर पोलिसांना गेल्या काही वर्षांत वारंवार कारवाई करावी लागली आहे. अशा विक्रेत्याकडून टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याचे हिमॅटोक्रिट कोणीच तपासत नाही.