सड्यावरची माती, उद्यमनगरचे हात

कोल्हापूर जिल्ह्यात आज लोखंडाची चालू खाण नाही. तरीही शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलची पंचतारांकित वसाहत मिळून तीनशेच्या घरात फाउंड्री आहेत. देशभरातल्या ट्रॅक्टर, ट्रक आणि पंप बनवणाऱ्या कारखान्यांना इथले कास्टिंग जाते. याच जिल्ह्यात राधानगरी, शाहूवाडी आणि चंदगडच्या घाटमाथ्यावर बॉक्साइटचे, म्हणजे अॅल्युमिनियमच्या कच्च्या मालाचे, साठे आहेत. पन्नासहून अधिक वर्षे त्यांचा उपसा होत आला आहे. मात्र त्या मातीपासून धातू करणारा एकही कारखाना जिल्ह्यात उभा राहिला नाही. जे जमिनीत नाही त्याचा उद्योग इथे फोफावला आणि जे आहे त्याचा रुजलाच नाही. खनिजाच्या बळावर उद्योग, रस्ते, रेल्वे उभारण्याची स्वप्ने पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी या कोड्याचे उत्तर शोधायला हवे.

इथले बॉक्साइट गेले बेळगावला. इंडियन अॅल्युमिनियम म्हणजेच ‘इंडाल’ कंपनीने १९६९च्या सुमारास तिथे अॅल्युमिना शुद्ध करणारा कारखाना सुरू केला आणि आपल्या घाटमाथ्यावरच्या मातीला गिऱ्हाईक मिळाले. २०००मध्ये इंडाल हिंडाल्कोकडे आली. बेळगावात एके काळी धातू गाळण्याचा विभागही होता. वीज परवडेनाशी झाल्यावर तो बंद पडला. आज तिथे मुख्यतः विशेष प्रतीचा अॅल्युमिना तयार होतो.

महाराष्ट्रालाही संधी आली होती. केंद्र सरकारने १९६५मध्ये ‘भारत अॅल्युमिनियम’ ही कंपनी काढली, तेव्हा तिच्यासमोर दोन प्रकल्प होते. एक कोरब्याचा आणि दुसरा कोयनेच्या विजेवर रत्नागिरीत उभारायचा. या दुसऱ्या प्रकल्पाला कोल्हापूरचे बॉक्साइट लागणार होते. कोरबा उभे राहिले, रत्नागिरी कागदावरच राहिली. अॅल्युमिनियमचे गणित मातीपेक्षा विजेवर अवलंबून असते. एक टन धातू गाळायला तेरा-चौदा हजार युनिट वीज लागते. म्हणून ‘आमच्याकडे खनिज आहे, आता कारखाना येईलच’ असे समजणाऱ्यांची निराशा ठरलेली असते. खनिज तिथेच जाते, जिथे वीज, पाणी, रेल्वे आणि भांडवल एकत्र भेटतात.

मग खनिज नेणारा आपल्याला देतो काय? एक ढोबळ हिशेब मांडू. अॅल्युमिनियमच्या कारखान्याला जाणाऱ्या बॉक्साइटवर केंद्राने ठरवलेले स्वामित्वधन आहे ०.६० टक्के. ते आकारले जाते मातीत असलेल्या धातूवर, लंडनच्या बाजारातल्या भावाने. चार ते पाच टन बॉक्साइटमधून एक टन धातू मिळतो. धातूचा भाव टनाला २,५०० डॉलर आणि डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर एक टन धातूची किंमत होते दोन लाख बारा हजार रुपये आणि त्यावरचे स्वामित्वधन १,२७५ रुपये. दहा टनांचा एक ट्रक सड्यावरून, म्हणजे घाटमाथ्यावरच्या पठारावरून, खाली उतरला की त्यात सुमारे दोन टन धातू असतो, म्हणजे सरकारजमा होतात अडीच हजार रुपये. जुन्या खाणपट्ट्यांच्या बाबतीत स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी जादा रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला द्यावी लागते. ती ट्रकमागे साडेसातशेच्या आसपास भरते. ज्या गावाच्या डोक्यावरून तो ट्रक गेला, त्या गावासाठी राखलेली रक्कम एवढीच.

चार लाखांच्या धातूतले सगळे मोल मातीचे नसते, हे खरे. त्यात वीज, कॉस्टिक सोडा, यंत्रे आणि कसबी मजुरी असते. पण मुद्दा नेमका तोच आहे. माती विकणाऱ्याच्या वाट्याला चिमूटभर येते, बाकीचे मोल पुढच्या प्रक्रियेत तयार होते आणि जिथे प्रक्रिया होते तिथेच राहते.

कर वाढवून हा प्रश्न सुटतो का, हे जमैकाने करून पाहिले आहे. तिथले पंतप्रधान मायकेल मॅन्ली यांनी १९७४मध्ये बॉक्साइटवर धातूच्या किमतीच्या साडेसात टक्के कर बसवला. आपल्या दराच्या बारा पटींहून अधिक. देशाचे उत्पन्न एकदम वाढले. भांडवली कामांसाठी वेगळा निधी काढला गेला. पुढे मात्र कंपन्यांनी गिनी आणि ऑस्ट्रेलियाकडे मोहरा वळवला आणि निधीतला मोठा पैसा सरकारी खर्चाची तूट भरण्यात गेला. गिनीची कथा याच्या उलट. जगातले सर्वांत मोठे बॉक्साइटचे साठे असलेला हा देश बहुतांश माती जहाजात भरून चीनला पाठवतो आणि गरीबच राहतो. बोट्स्वानाने वेगळी वाट धरली. हिऱ्यांच्या पैशातून शाळा, रस्ते, दवाखाने काढले आणि २०१३मध्ये हिऱ्यांच्या वर्गवारीचे व विक्रीचे काम लंडनहून आपल्या राजधानीत आणवले. तिन्ही देशांना निसर्गाने भरभरून दिले होते. खनिजाचा पैसा कशात घातला आणि त्यातून लोकांच्या हाताला काय येऊ लागले, यावर पुढचे सगळे ठरले.

आता पुन्हा उद्यमनगरात येऊ. इथल्या भट्टीत पडणारे पिग आयर्न येते कोप्पळ-होस्पेटहून आणि गोव्यातून. साच्याची सिलिका वाळू येते कणकवली तालुक्यातल्या कासार्ड्याच्या बाजूने, फोंडा घाट चढून. कोक बाहेरचा, बरेचसे स्क्रॅपही बाहेरचे. कोल्हापूरचे स्वतःचे काय, तर हात. मोल्डिंग करणारा वाळू मुठीत दाबून तिची ओल ओळखतो. पॅटर्न बसवताना कुठे रस अडेल, कुठे हवा कोंडून कास्टिंगला भोक पडेल, हे त्याला आधीच दिसते. लॅडलमधला रस किती वेगाने सोडायचा, हे सांगणारे पुस्तक त्याने वाचलेले नसते. ते त्याच्या मनगटात असते. हे कसब एका पिढीत आलेले नाही.

ते आले कुठून, हेही पाहण्यासारखे आहे. कोल्हापूर संस्थानने १८९१मध्ये मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आणली. राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, १९०६मध्ये कापडाची गिरणी काढली आणि त्यानंतर लगेच भोगावतीवर राधानगरीचे धरण हाती घेतले. पैशाअभावी ते मध्ये रखडले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. पण त्या पाण्याने आणि नद्यांवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांनी नदीकाठचा ऊस वाढवला. उसाला चरक लागला, पाणी उपसायला ऑइल इंजिन लागले. इंजिन बिघडले की दुरुस्तीला मिस्त्री लागला. दुरुस्ती करता करता मिस्त्री सुटे भाग ओतू लागला आणि मग आख्खे इंजिन बनवू लागला. आधी पायाभूत कामे झाली, त्यांनी शेती पिकवली, शेतीने यंत्राला मागणी दिली आणि मागणीने कसब घडवले. या साखळीत जमिनीखालच्या धातूला कुठेच जागा नव्हती.

उलट उदाहरणही आपल्याच डोंगरात आहे. सह्याद्रीत एके काळी धावड लोक जांभ्या दगडातून लोखंड गाळत. स्वस्त विलायती लोखंड आले आणि त्यांच्या भट्ट्या विझल्या. जांभा आजही तिथेच आहे. त्यातून धातू काढणारे हात गेले, तेवढ्याने सगळे संपले.

या हिशेबात आणखी एक रकमेत न मावणारा आकडा आहे, तो पाण्याचा. बॉक्साइट सापडते ते घाटमाथ्यावरच्या सपाट सड्यांवर. वर जांभ्याचे सच्छिद्र कवच, त्याखाली बॉक्साइट आणि त्याखाली पाणी न जिरवणारी चिकण माती. या पट्ट्यात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो जांभ्यात मुरतो, चिकण मातीवर थबकतो आणि सड्याच्या कडेने झऱ्यांच्या रूपाने महिनोन् महिने बाहेर पडत राहतो. धनगरवाड्यांचे पिण्याचे पाणी हेच, आणि पुढे भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी होऊन पंचगंगेला मिळते तेही हेच. वरचा थर काढून नेला की साठवणच कमी होते. खाण संपल्यावर खड्डे बुजवून झाडे लावतात, पण सड्यावर मुळात झाडे नसतातच. तिथे असते पातळ मातीवरचे गवत, पावसाळी फुले, कीटक खाणारे दवबिंदू आणि चरायला येणारे गवे. राधानगरी अभयारण्याचा समावेश २०१२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात झाला तो अशाच अधिवासासाठी. रोपे लावून सडा परत मिळत नाही.

म्हणून माझे पहिले म्हणणे स्पष्ट आहे. ज्या सड्यांना अजून कुदळ लागलेली नाही, तिथे नवी खाण नको. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्रात खाणबंदीची तरतूद असलेले मसुदे केंद्राकडून २०१४पासून निघत आहेत. सहावा मसुदा जुलै २०२४मध्ये निघाला. हे घोंगडे भिजत ठेवण्यात कोणाचेच हित नाही. खाणीतल्या रोजगारावर घर चालवणाऱ्या माणसालाही आपली खाण आणखी किती वर्षे चालणार, हे कळण्याचा हक्क आहे. तो पर्याय शोधेल तो आजच, खाण बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी नव्हे.

दुसरे म्हणणे चालू खाणींच्या पैशाविषयी. खाण कायद्यात २०१५मध्ये दुरुस्ती झाली आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. त्याच वर्षीच्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेने सुरुवातीला किमान ६० टक्के निधी पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, कौशल्य, पर्यावरण अशा कामांसाठी आणि उरलेला रस्ते, सिंचन अशा कामांसाठी ठरवून दिला. कामांची आणि खर्चाची माहिती संकेतस्थळावर ठेवण्याचे बंधनही आहे. इतका चांगला कायदा हाताशी असताना ट्रकांनी उखडलेला रस्ता याच निधीतून डांबरी करून घ्यायचा, हे मला मान्य नाही. रस्ता ज्याने मोडला त्याने तो वेगळ्या पैशातून दुरुस्त करावा. गावाच्या निधीतून झऱ्यांची मोजणी आणि जपणूक व्हावी, धनगरवाड्यापर्यंत पाणी यावे, शाळेला शिक्षक आणि विज्ञानाची खोली मिळावी. दरवर्षी खाणीलगतच्या प्रत्येक ग्रामसभेत जमा-खर्च वाचून दाखवला जावा. मराठीत, आकड्यांसह.

गोव्याचा धडाही इथे घेण्यासारखा आहे. लोहखनिजाच्या बेकायदा उपशामुळे सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये तिथल्या खाणकामावर बंदी घातली. २०१४मध्ये ती उठवताना विक्रीच्या १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितले. खनिज एकदाच विकता येते, त्यामुळे त्यावर पुढच्या पिढीचाही हक्क आहे, हा त्यामागचा विचार. जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय पीठाने स्वामित्वधन म्हणजे कर नव्हे आणि खनिजधारी जमिनीवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे, असा निर्णय दिला. महाराष्ट्राने या अधिकाराचा वापर करून असा कायमचा निधी जिल्हानिहाय उभारावा. जमैकासारखी तूट भरायला तो वापरता येऊ नये, अशी अट कायद्यातच घालावी.

तिसरे म्हणणे उद्यमनगरला उद्देशून आहे. मोटारींचे जग बदलते आहे. विजेवरच्या गाडीला इंजिनचा लोखंडी ब्लॉक लागत नाही. मोटरचे आणि बॅटरीचे घर, कंट्रोलरचे कव्हर हे भाग अॅल्युमिनियमचे असतात. आपल्या फाउंड्रींचा मोठा धंदा ग्रे आयर्न आणि एसजी आयर्नवर आहे. धातू गाळण्याचा कारखाना आपल्याकडे येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण तेवढी वीज आपल्याला परवडणार नाही. पण ओतकाम हे आपले घरचे काम. पिग आयर्न परराज्यातून आणून आपण देशाला कास्टिंग पुरवतो, तर अॅल्युमिनियमची लादी बाहेरून आणून प्रेशर डाय कास्टिंग का करू शकणार नाही?

त्यासाठी खनिज निधीतल्या कौशल्याच्या वाट्यातून राधानगरी आणि चंदगडच्या आयटीआयमध्ये अॅल्युमिनियम ओतकामाचे आणि डाय बनवण्याचे अभ्यासक्रम सुरू करावेत. पहिल्या जागा खाणीलगतच्या गावांतल्या मुला-मुलींना द्याव्यात. शिरोलीच्या फाउंड्री क्लस्टरने वापरलेली वाळू पुन्हा वापरण्याची सामायिक सोय केलीच आहे. त्याच धर्तीवर उद्योजकांनी अॅल्युमिनियमच्या तपासणीची प्रयोगशाळा उभारावी आणि शिकून आलेल्यांना कामावर घेण्याची लेखी हमी द्यावी. ज्या सड्यावरची माती गेली, तिथल्या मुलांच्या हाती किमान त्या धातूचे कसब तरी येईल.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत सुरजागडचे लोहखनिज निघते आणि कोनसरीत त्यावर प्रक्रियेचा उद्योग उभा राहतो आहे. तिथल्या लोकांनीही ‘आमच्या हाताला काय आले’ हाच प्रश्न विचारत राहावा. कारखाना जिल्ह्यात आला ही अर्धीच गोष्ट. त्यात आदिवासी तरुण फक्त राखणदार आणि हमाल म्हणून लागले, तर उरलेली अर्धी आणखी पन्नास वर्षे लांबेल.

जिल्हा नियोजनाच्या पुढच्या बैठकीत घाटमाथ्याच्या तालुक्यांतील लोकप्रतिनिधींनी तीन कागद मागावेत. आतापर्यंत किती बॉक्साइट गेले, त्यापोटी किती रक्कम जमा झाली आणि त्यातून खाणीलगतच्या गावांत काय उभे राहिले. तिसरा कागद कोरा निघाला, तर त्याच बैठकीत आयटीआयच्या अभ्यासक्रमांचा आणि झऱ्यांच्या मोजणीचा ठराव मांडावा व त्यासाठी तारीख ठरवून घ्यावी.