१००९ आणि १००७ : एका हिवाळ्याचे वाचन

पुरुषांच्या अल्पाइन स्की शर्यतींच्या विश्वचषकाचा २००८-०९चा मोसम मार्च २००९मध्ये स्वीडनमधील ओरे येथे संपला. एकूण गुणतक्त्यात नॉर्वेच्या आक्सेल लुंड स्विंदालच्या नावापुढे १००९ गुण होते, तर ऑस्ट्रियाच्या बेंजामिन राइशच्या नावापुढे १००७. विजेतेपद स्विंदालचे, यात वाद नाही. वाद आहे तो या मोसमाची कथा ज्या रीतीने सांगितली जाते त्या रीतीशी. आणि कथनाचा विचार हा ज्यांच्या अभ्यासाचा भाग आहे, त्यांनी तरी ती रीत तपासून पाहिली पाहिजे.

रूढ कथा अशी. नोव्हेंबर २००७मध्ये आदल्या मोसमाचा विजेता असलेला स्विंदाल अमेरिकेत कोलोरॅडोतील बीव्हर क्रीकच्या उतारावर डाउनहिलच्या सरावात कोसळला. चेहऱ्याची हाडे मोडली, स्कीच्या धारदार कडेने शरीरावर खोल जखम झाली आणि तो मोसम त्याच्यापुरता तिथेच संपला. वर्षभरानंतर, डिसेंबर २००८मध्ये, त्याच उतारावर त्याने डाउनहिल आणि सुपर-जी या दोन्ही शर्यती जिंकल्या आणि मार्चमध्ये विजेतेपद पुन्हा मिळवले. पतन, वनवास, पुनरागमन, राज्याभिषेक : कथानक जणू आधीच बांधून ठेवलेले. ‘जिद्दीचा विजय’ हे शीर्षक तर आपल्या वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर कायमचेच जुळवून ठेवलेले असते.

स्विंदालच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो या कथेत गृहीत धरलेल्या कार्यकारणभावाला. ‘तो परतला आणि जिंकला’ हा घटनाक्रम झाला. ‘तो जिद्दी होता म्हणून जिंकला’ हे कथानक झाले. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची, तर त्याच मोसमातील दोन माणसे कथेबाहेर काढावी लागतात.

त्यांतला पहिला स्वित्झर्लंडचा डानिएल आल्ब्रेख्त. ऑक्टोबर २००८मध्ये ऑस्ट्रियातील झोल्डन येथे मोसमाची पहिली शर्यत झाली, ती जायंट स्लॅलमची, आणि ती त्याने जिंकली होती. २२ जानेवारी २००९ रोजी कित्सब्यूहलच्या डाउनहिल सरावात शेवटच्या उडीवर, ताशी १४० किलोमीटरच्या आसपास वेग असताना, हवेतच त्याचा तोल गेला. पुढचे सुमारे तीन आठवडे डॉक्टरांनी त्याला कृत्रिम बेशुद्धीत ठेवले. दोन दिवसांनी त्याच उतारावर ठरल्याप्रमाणे शर्यत झाली आणि ती आल्ब्रेख्तचाच देशबांधव दिदिए देफागो याने जिंकली. या मोसमाची पहिली शर्यत जिंकणारा माणूस मोसम संपताना शर्यतींच्या जगात नव्हता. जिद्दीचे तत्त्व त्याला कसे लावायचे? त्याची जिद्द कमी पडली, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. मग स्विंदालची जिद्द पुरेशी ठरली, हे तरी कशाच्या बळावर म्हणायचे?

दुसरा राइश. त्याच्या वाट्याला अपघात आला नाही, म्हणून कथाही आली नाही. विश्वचषकाच्या शर्यतीत पहिल्याला १०० गुण, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६० अशी उतरंड असते आणि तिसाव्याला एक गुण मिळतो. विसाव्या आणि बाविसाव्या क्रमांकांत नेमके दोन गुणांचे अंतर असते. आणि असे दोन क्रमांक अनेकदा सेकंदाच्या काही शतांशांत वर-खाली होतात. ओरे येथील शेवटची स्लॅलम राइशला पूर्ण करता आली नाही. मोसमाच्या त्या समारोपात पहिल्या पंधरांनाच गुण मिळतात, पण पंधराव्यालाही १६ गुण असतात. म्हणजे तो नुसता पंधरावा आला असता, तरी हिवाळ्याचा नायक बदलला असता आणि ‘जिद्दीचा विजय’ हे शीर्षक छापखान्यात पडून राहिले असते. राइश २००६मध्ये विश्वचषकाचा विजेता होता. २००५, २००७, २००८, २००९ आणि २०१० या पाच मोसमांत तो दुसरा आला. २००७मध्येही स्विंदालच्याच मागे, १३ गुणांनी. सहा वर्षे सातत्याने पहिल्या दोघांत राहणे हा कोणत्याही खेळात असामान्य पराक्रम ठरावा. पण आपल्या कथनपद्धतीत त्याला जागा नाही, कारण त्याला शेवट नाही.

यावर कोणी म्हणेल, खेळाला विजेता लागतोच आणि वाचकाला एकच नाव लक्षात राहते. पहिले खरे आहे, पण ते काम गुणतक्ता करतो आणि चोख करतो. १९६७मध्ये फ्रेंच पत्रकार सेर्झ लांग यांच्या पुढाकाराने ही मालिका सुरू झाली, तीच मुळी एका दिवसाच्या यशाऐवजी सगळ्या हिवाळ्याचे मोल व्हावे म्हणून. मोसम या रूपाचे वैशिष्ट्य हेच की त्यात अनेक ठिकाणे, अनेक प्रकारचे उतार आणि अनेक नायक शेजारी-शेजारी नांदतात. लेखकाने त्यातून एकाचे चरित्र तेवढे उचलले, तर तक्त्याला जे जमत नाही ते करण्याची आपली एकमेव संधी त्याने दवडली, असे म्हणावे लागेल.

हा प्रश्न बर्फापुरता नाही. शेवट माहीत असल्यामुळे आधीच्या प्रत्येक घटनेला अर्थ चिकटवण्याची खोड चरित्रलेखनात आणि वाङ्मयेतिहासातही आहे. टिकलेला लेखक टिकणारच होता, असे आपण मागाहून ठरवतो. ज्यांची वही मध्येच बंद पडली त्यांचा उल्लेख तळटीपेत करतो. क्रीडाकथेत ही खोड उघडी पडते, कारण तिथे अंतर मोजलेले असते. दोन गुण म्हणजे किती, हे दाखवता येते.

आल्ब्रेख्तही परतला. डिसेंबर २०१०मध्ये, बीव्हर क्रीकलाच, त्याने पुन्हा विश्वचषकाची शर्यत पूर्ण केली आणि पहिल्या तिसांत येऊन गुण मिळवले. त्यानंतर तो एकही शर्यत जिंकू शकला नाही आणि २०१३मध्ये निवृत्त झाला. २००८-०९च्या मोसमाचे प्रामाणिक कथन लिहायचे, तर हे पुनरागमन आणि स्विंदालचे पुनरागमन एकाच परिच्छेदात, एकाच मापाने लिहिता आले पाहिजे. ते साधेपर्यंत ‘जिद्द’ हा शब्द बाजूला ठेवणे बरे.