पाच मिनिटं की पाच वर्षं?

गेल्या आठवड्यात हापिसातल्या मित्राने जेवताना फोन पुढे केला. त्यावर एक तक्ता. डावीकडे क्रिप्टो ट्रेडिंगचे प्रकार, उजवीकडे 'महिन्याचा अपेक्षित परतावा'. मिनिटांत घ्या-विका करणारं स्कॅल्पिंग सगळ्यात वर, मग डे ट्रेडिंग, मग आठवडा-दोन आठवडे धरायचं स्विंग, आणि तळाला बिचारा होडलर, घेऊन झोपी गेलेला. "बघ, वेळ कमी तितका पैसा जास्त!" एवढ्यावर थांबला असता तर मी मुकाट्याने डबा संपवला असता. पण पुढचं वाक्य होतं, "मार्चमध्ये पेपर टाकतोय." घरी दीड वर्षाची मुलगी, फ्लॅटचा हप्ता चालू. म्हणून हा विकांत या तक्त्याच्या नावाने.

तर मंडळी, हा तक्ता भारतात राहणाऱ्या माणसासाठी निव्वळ थाप आहे. त्यात कर नाही. आणि आपल्याकडे करच ठरवतो की किती वेळ धरायचं.

१ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, वर ४ टक्के सेस. म्हणजे ३१.२. पाच मिनिटं धरा नाहीतर दहा वर्षं, दर तोच. पण खरी मेख पुढे आहे. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही.

आता आकडे घालू. समजा वेगवेगळ्या नाण्यांत तुम्ही १०० ट्रेड केले. ५५ मध्ये हजार-हजार कमावले, ४५ मध्ये हजार-हजार घालवले. (१०० पैकी ५५ बरोबर येणं ही चेष्टा नाही, बरं का.) हातात आले १०,००० रुपये. कर कशावर? ५५,००० वर! ३१.२ टक्क्यांनी झाले १७,१६०. म्हणजे जिंकूनही तुम्ही ७,१६० रुपये खिशातून दिले. अशा समसमान डावात नुसतं बरोबरीत सुटायला ५९ टक्क्यांहून जास्त वेळा जिंकावं लागतं, आणि यात एक्स्चेंजची फी अजून धरलेलीच नाही.

दुसरी गोष्ट टीडीएस. १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढे प्रत्येक विक्रीवर १ टक्का कापला जातो. नफ्यावर नाही, विक्रीच्या पूर्ण रकमेवर. तोट्यात विकलंत तरी कापणारच. भाव जागेवर धरून एक लाख घेऊन रोज एकदा सगळं विका आणि परत घ्या. १०० दिवसांनी हातात खेळायला उरतात साधारण ३६,६००. बाकीचे बुडाले नाहीत, रिटर्न भरल्यावर करात वळते होतील किंवा परत मिळतील, मान्य. पण तोवर ते तुमच्या कामाचे नाहीत. दिवसाला दहा व्यवहार करणाऱ्या स्कॅल्परचं भांडवल दहा दिवसांतच या आकड्याला येतं!

मित्र म्हणाला, त्याचा बॉट बॅकटेस्टमध्ये झकास चालतो. कोड मागितला. पायथनच्या त्या फाइलमध्ये वरच एक ओळ होती, फी शून्य. स्लिपेज शून्य. टीडीएसचं नावच नाही. आपण दिवसभर दुसऱ्यांच्या कोडचे रिव्ह्यू करतो, 'एज केस कुठे आहेत' म्हणून कमेंटा टाकतो आणि स्वतःच्या पैशावर असा कोड प्रॉडक्शनला सोडतो. धन्य.

"पण शेअरमध्ये लोक कमावतातच ना?" सेबीने २०२४ मध्ये पाहिलं: २०२२-२३ साली शेअरमध्ये इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जण तोट्यात. वर्षाला ५०० च्या वर ट्रेड करणाऱ्यांत ते प्रमाण ८० टक्के. जितके ट्रेड जास्त तितका घोळ जास्त, तक्त्याच्या बरोब्बर उलट. आणि तिथे तोटा वजा तरी करता येतो!

आता होडलरांनी टाळ्या वाजवू नयेत. २०२१ च्या नोव्हेंबरात ६९,००० डॉलरच्या आसपास बिटकॉइन घेणारा वर्षभराने १६,००० च्या खाली बघत होता, आणि मुद्दलावर परत यायला मार्च २०२४ उजाडला. तोही बिटकॉइन म्हणून. लूना धरून बसलेल्यांचं मे २०२२ मध्ये आठवड्याभरात जवळपास शून्य झालं. 'लाँग टर्म'चे सुंदर आलेख टिकलेल्या नाण्यांचे असतात, मेलेल्यांचे कोण काढतो? मजा म्हणजे 'होडल' हा शब्दच डिसेंबर २०१३ मध्ये एका झिंगलेल्या गड्याने चुकीच्या स्पेलिंगने लिहिला, आणि त्याचं कारण प्रामाणिक होतं: आपल्याला ट्रेडिंग जमत नाही.

तरी एक फरक उरतोच. होडलर एकदा विकतो, एकदाच कर भरतो, एकदाच टीडीएस. आणि रात्री झोपतो. बुडाला तर एका चुकीच्या निवडीने बुडेल, शंभर बरोबर अंदाजांनी नाही.

असो. मित्राला एक्सेल पाठवलंय. सोमवारी तो स्वतःच्या शेवटच्या १०० ट्रेडची सीएसव्ही आणणार आहे. फीचा कॉलम त्यात आहे म्हणे. टीडीएसचा घालावा लागेल.