वत्सगुल्माचा काव्यपुरुष आणि पात्रतेची परीक्षा

राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाची कथा आहे. ब्रह्मदेवाच्या सभेकडे निघालेल्या सरस्वतीमागोमाग तोही चालू लागला. परंतु परमेष्ठीची अनुज्ञा नाही म्हणून तिने त्यास परत पाठविले, आणि तो रुसून दूर निघाला. प्राणिमात्रांना प्रेमासारखे दुसरे बंधन नाही, हे ओळखून गौरीने साहित्यविद्यावधू निर्माण केली. ती त्याच्या पाठोपाठ देशोदेशी हिंडली आणि अखेर विदर्भातील वत्सगुल्म नगरीत दोघांचा विवाह झाला. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. साहित्याचे अध्यापक ही कथा वर्गात मोठ्या कौतुकाने सांगतात. विद्येच्या क्षेत्रात माणसाला टिकवून कसे ठेवावे, हा तिच्यातील प्रश्न मात्र बहुधा निसटून जातो. आज तोच प्रश्न या जिल्ह्यातील शाळांपुढे उभा आहे, आणि त्याचेही मूळ अनुज्ञेतच आहे.

1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयानुसार, पहिली ते आठवीस शिकविणाऱ्या आणि सेवानिवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या कार्यरत शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावयाची आहे. न झाल्यास सेवा संपेल. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, पदोन्नती मात्र मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपविला.

परीक्षेलाच आमचा विरोध आहे, असे कोणी समजू नये. अपात्र माणूस फळ्यासमोर उभा राहिला की वर्षे मुलांची वाया जातात, आणि न्यायालयाची चिंता त्या मुलांसाठीच आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. ही परीक्षा 2010 च्या अधिसूचनेने आली. महाराष्ट्रात ती प्रथम 2013 साली झाली. 2000 साली सुरू झालेल्या योजनेत महिना 3,000 रुपये मानधनावर शिक्षणसेवक म्हणून रुजू झालेला तरुण आज पन्नाशीला टेकला आहे. त्याची पात्रता शासनाने त्या काळच्या नियमांनी तपासली होती. आता त्याला दिल्या जाणाऱ्या प्रश्नपत्रिकेत 150 बहुपर्यायी प्रश्न आहेत, आणि त्याच्या पंचवीस वर्षांच्या अध्यापनाविषयी त्यांत एकही नाही.

दुसरी विसंगती अधिक गमतीची आहे. या परीक्षेचे प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षेच ग्राह्य असे. 2021 साली ते आजीवन करण्यात आले. म्हणजे एकदा उत्तीर्ण झालेल्यास पुन्हा कोणी काही विचारणार नाही. डॉक्टरांना वैद्यकीय परिषदेकडील नोंदणीचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. शिक्षकाने आपले ज्ञान ताजे ठेवले की नाही, हे विचारणारी अशी व्यवस्था आपल्याकडे नाही. स्कॉटलंडमध्ये 1965 पासून शिक्षकांची स्वतंत्र परिषद आहे. तेथील शिक्षक दर पाच वर्षांनी आपल्या अभ्यासाचा आणि कामाचा आढावा मांडून नोंदणी कायम ठेवतो. त्यासाठी परीक्षेस बसत नाही.

शिवाय ज्या परीक्षेवर शिक्षकाचे भवितव्य टांगायचे, तिची शुचिताही पाहावयास हवी. 2019 च्या परीक्षेतील गैरप्रकार उघडकीस आल्यावर 7,800 हून अधिक उमेदवारांवर बंदी घालावी लागली. बाजारात विकत मिळालेल्या प्रमाणपत्राची आठवण ताजी असताना 'दर्जा' हा शब्द जरा जपूनच उच्चारावा, असे आम्हांस वाटते.

मानोरा तालुक्याचे उदाहरण घ्या. तांड्यावरून पहिलीत येणारे मूल घरी गोरमाटी बोलते. पुस्तकातली मराठी त्याला जवळजवळ परकी. गुरुजींनी चार-दोन वर्षे तेथे काढली की मुलांचे शब्द त्यांच्या तोंडी बसतात. आधी मुलाचा शब्द आणि मग मराठीचा, अशी युक्ती सापडते. कामाच्या शोधात कोणते कुटुंब कधी बाहेर पडते आणि कोणाचे मूल आजीपाशी ठेवता येईल, हेही त्यांना ठाऊक होते. हे ज्ञान कोणत्याही अध्यापक विद्यालयात मिळत नाही आणि चार पर्यायांतून एक निवडून सिद्धही करता येत नाही. असा शिक्षक गेला की त्याच्या जागी प्रमाणपत्रधारक येईल, आणि गोरमाटीचा पहिला शब्द शिकण्यापासून त्याला सुरुवात करावी लागेल; तोही मूळ जिल्ह्यात बदली मिळेपर्यंत, हे वेगळे सांगावयास नको.

तेव्हा करावे काय? केंद्राकेंद्रांतून शिक्षण परिषदा भरतातच. आज तेथे बराचसा वेळ परिपत्रके वाचण्यात आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या सूचनांत जातो. त्याऐवजी शिक्षकाने आपला एक पाठ सहकाऱ्यांपुढे घ्यावा, त्यावर चर्चा व्हावी, तिची नोंद राहावी; आणि दर पाच वर्षांनी या नोंदी, वर्गातील मुलांचे वाचन व प्रत्यक्ष वर्गनिरीक्षण यांवरून नोंदणी पुढे चालू ठेवावी. जो यात कमी पडेल त्यास एक वर्ष मार्गदर्शन द्यावे, तरीही जमले नाही तर जरूर निरोप द्यावा. कायद्यात यासाठी दुरुस्ती लागेल, आणि ती संसदेच्या हाती आहे. शिक्षक संघटनांनीही केवळ सूट मागण्याऐवजी हा पर्याय लेखी मांडला, तर पालकांसमोर त्यांना ताठ मानेने उभे राहता येईल.